हातावर शिरा दिसतात म्हणजे अंगात रक्त कमी आहे का?

तुम्ही विचारलंय, वय २४, हातावर शिरा दिसायला लागल्यात, रक्त कमी झालंय का. नाही. आणि हे मी जरा चिडूनच लिहितेय, कारण याच एका वाक्यावर माझं एक स्थळ मोडलंय.

मी लालबागची, डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेली, पंधरा वर्षं लोकांच्या घरी जाऊन रक्त काढतेय. तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. पोह्यांची बशी पुढे केली तर मुलाच्या मावशीने बशी राहू दिली नि माझा हातच उलटासुलटा करून बघितला, म्हणे अगंबाई शिरा बघा कशा, रक्तच नाही पोरीच्या अंगात. एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, चांगलं १३.२ होतं माझं, आदल्याच आठवड्यात लॅबमध्ये बघितलेलं! सांगणार होते पण आईने डोळे वटारले. आणि मंडळी गेल्यावर आई मावशीच्याच बाजूने, मग वर्षभर खजूर, बीट, अळिवाचे लाडू आणि बाहेर जाताना फुल बाह्यांचे ड्रेस.

अहो, कातडीखाली चरबी कमी असली की शिरा दिसणारच, काही घरांत तर सगळ्यांच्याच दिसतात. मे महिन्यात फुगतात कारण शरीर उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडे पाठवतं, जिमला जात असाल तर स्नायू फुगून त्यांना वर ढकलतात. लोकलमध्ये वरची कडी धरून उभे राहा, थोड्या वेळात त्या हाताच्या शिरा गायब, रक्त खाली उतरलेलं असतं, आणि पिशवी धरलेल्या हातावर बघा, टम्म. दोन्ही हात तुमचेच ना? उलट एचबी ६ आलेल्या गुबगुबीत बायकांची शीर मी बोटाने चाचपडत शोधलीय, दिसत काहीच नाही. रक्ताची शंका असेल तर सरळ सीबीसी करा, म्हणजे एचबी कळणारी रक्ताची साधी तपासणी, मावशीलोकांना हात दाखवू नका.

हां, एकच हात सुजला, शीर लाल, दुखरी, दोरीसारखी कडक झाली, खासकरून सलाईन लावल्यानंतर, तर डॉक्टरकडे जा, ते वेगळं.

गेल्या महिन्यात आईचा सीबीसी केला, एचबी ९.८, कमीच. तिच्या हातावर तर शिराच शिरा. म्हटलं अगं सत्तरीत कातडी पातळ होते म्हणून दिसतात, त्याचा याच्याशी संबंध नाही. तर म्हणते कशी, बघ, मी काय सांगत होते तेव्हा! आता अळिवाचे लाडू मी करून देते तिला.