नवीन वर्गशिक्षकांसाठी: शिस्तीची नोंदवही

मॅडम, वर्ग मिळाल्याबद्दल अभिनंदन! नोंद त्याच दिवशी करा. शनिवारी आठवून लिहिलेली पालकांसमोर टिकत नाही.

- तारीख, तास, जागा, आणि दिसलं तेवढंच. ‘उद्धट आहे’ हा शेरा झाला. ‘दुसऱ्या तासाला वही फेकली’ ही नोंद.
- भांडण झालं तर दोन्ही मुलांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत. नवे शिक्षक बहुधा रडणाऱ्याचंच ऐकतात.
- पालकांना कधी कळवलं ते.

चुळबुळ, मधेच डबा खाणं असलं लिहीत बसू नका, वही उगाच भरते. छडी, उठाबशा तर विसराच: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. लैंगिक छळाचा प्रकार कळला तर मात्र वहीवर थांबू नका. मुख्याध्यापकांना लगेच सांगा, पॉक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.