आइनस्टाइनला अजून किती वेळा तपासणार?

प्रश्न: जड-हलकी वस्तू एकदमच खाली पडते हे अपोलो १५ वाल्यांनी १९७१ मध्ये चंद्रावर हातोडा आणि पीस सोडून दाखवलं, मग तेच परत बघायला सॅटेलाइट कशाला?

उत्तर: दाखवलं की, पण डोळ्याला दिसेल एवढा फरक असता तर तो कधीच सापडला असता. सगळं सारखंच पडतं या गोष्टीवरच आइनस्टाइनची जनरल रिलेटिव्हिटी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाची थिअरी, उभी आहे. गोची अशी आहे की तिचं आणि क्वांटमचं, म्हणजे अणूंच्या जगाच्या थिअरीचं, आजतागायत जमलेलं नाही, आणि दोघांची मोट बांधू बघणाऱ्या काही थिअऱ्या म्हणतात की वेगवेगळ्या धातूंच्या पडण्यात किंचित फरक असू शकतो. तो पकडायचा तर वस्तू खूप वेळ पडत राहायला हवी. जमिनीवर कितीही उंच टॉवर बांधा, काही सेकंदांत खेळ खल्लास, त्यात जमिनीची थरथर आहेच. ऑर्बिटमध्ये मात्र वस्तू पडतच असते, फक्त आदळत नाही.

म्हणून फ्रान्सच्या स्पेस एजन्सीने २०१६ मध्ये मायक्रोस्कोप नावाचा सॅटेलाइट सोडला, साधारण ७१० किमी उंचीवर. आत एकात एक दोन पोकळ सिलिंडर, एक प्लॅटिनमच्या मिश्रधातूचा, एक टायटॅनियमच्या, दोन्ही इलेक्ट्रिक फील्डने जागेवर धरलेले, आणि एकाला धरून ठेवायला जास्त जोर लागतोय का एवढंच मोजायचं. शेजारी अजून एक जोडी, पण त्यात दोन्ही प्लॅटिनमचेच! तिथेही फरक दिसला तर समजायचं घोळ मशीनमध्ये आहे. मला तर ही दुसरी जोडीच जास्त आवडते.

खरी डोकेदुखी सॅटेलाइटचीच. तिथली विरळ हवा ब्रेक लावते म्हणून नायट्रोजनचे बारीक फवारे मारत राहायचं, सिलिंडरवर चार्ज साठू नये म्हणून ७ मायक्रॉनची, म्हणजे केसाहूनही बारीक, सोन्याची तार जोडायची, तर ती तारच जराशी ओढते, आणि बाहेरचं इन्सुलेशन गरम-थंड होताना तडतडतं तेही डेटात उमटतं. एवढं सगळं निस्तरून २०२२ मध्ये फायनल रिझल्ट आला: एकावर पंधरा शून्यं एवढ्या भागांतले दोन-तीन भाग, इतक्या बारकाईने बघूनही फरक नाही. म्हणजे यापेक्षा मोठा फरक सांगणाऱ्या थिअऱ्या बाद.

आणि दरवेळी वेगळा सॅटेलाइट लागतोच असंही नाही हां. २०१४ मध्ये युरोपचे जीपीएससारखे दोन गॅलिलिओ सॅटेलाइट चुकून लांबुळक्या ऑर्बिटमध्ये गेले, नेव्हिगेशनवाल्यांनी डोक्याला हात लावला असणार, पण त्यामुळे त्यांच्यावरची अणुघड्याळं सारखी वर-खाली होत राहिली, आणि आइनस्टाइन म्हणतो तशी उंचीप्रमाणे वेळ किती बदलते ते जास्त अचूक मोजून २०१८ मध्ये १९७६ च्या रॉकेट प्रयोगाचा रेकॉर्ड मोडला.