हँडब्रेक सोडल्यावर मागून टक्क आणि खरखर आवाज येतो, काय असेल?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की रात्रभर पावसात उभी असलेली गाडी सकाळी काढताना मागून टक्क वाजते आणि मग खरखर होते, तर आधी हे बघा की चार-पाच वेळा ब्रेक दाबल्यावर ती खरखर जाते का. जात असेल तर टेन्शन नका घेऊ, नागपुरात जुलै-ऑगस्टमधे हे होतंच, मागच्या ड्रममधे, म्हणजे चाकातल्या ब्रेकच्या गोल डब्यात, ओल जाते, बारीक गंज धरतो आणि हँडब्रेक ओढलेला असला की लायनर (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे पट्टे) ड्रमला चिकटून बसतात, गाडी हलली की सुटतात, तोच तो टक्क.

पण आवाज चालूच राहिला तर हँडब्रेकची केबल बघायला लावा. केबल आतून गंजली की लिव्हर खाली येतो पण चाक पूर्ण सुटत नाही. थोडी गाडी चालवून मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या, टेकवू मात्र नका, एका बाजूला जास्त धग लागली किंवा जळका वास आला तर तेच चाक धरतंय, अशी गाडी घेऊन अमरावती-वर्धा अजिबात करू नका. लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाजत असेल तर लायनर संपले असतील, ड्रम खोलावाच लागेल.

लिव्हर ओढतानाची कटकट रॅचेटची, म्हणजे लिव्हर अडकवून धरणाऱ्या दात्यांची, ती नॉर्मल. बटनवाला हँडब्रेक असेल तर मोटरची घुर्रपण नॉर्मल.

तोवर रात्री हँडब्रेक न ओढता गाडी सपाट जागी पहिल्या गिअरमधे लावा, ऑटोमॅटिक असेल तर पीमधे, आणि चाकाला वीट लावा.