यशाच्या गोष्टीतलं पगाराचं पान

गेल्या अंकानंतर खेळाडू आणि कलावंतांच्या चरित्रांबद्दल बरीच पत्रं आली, म्हणून या वेळी तेवढाच विषय. मी स्वतः अशा लोकांच्या आत्मकथनांचं शब्दांकन करते. ते बोलतात, मी टेप ऐकून लिहिते, मुखपृष्ठावर नाव त्यांचं. उत्तरं त्या टेपच्या अलीकडे बसणाऱ्या बाईची आहेत, तेवढं धरून वाचा.

प्रश्न : कोणत्याही यशस्वी खेळाडूचं किंवा नटाचं चरित्र उघडा, साचा तोच. गरिबी, नकार, एक दयाळू गुरू, मग टाळ्या. आयुष्यं खरंच इतकी सारखी असतात, की तुम्ही लिहिणारे ती सारखी करता?

निम्मं आम्ही करतो. उरलेलं सांगणारा स्वतःच तयार करून आणतो. ज्याने तीच हकीकत मुलाखतींतून शेकडो वेळा सांगितली आहे, त्याच्या तोंडी ती इतकी घोटून बसलेली असते की वाक्य कुठे थांबणार आणि ऐकणारा कुठे हळहळणार, हेही ठरलेलं असतं.

मायकेल जॉर्डनचंच घ्या. ‘शाळेच्या संघातून काढून टाकलेला मुलगा जगातला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू झाला’ हे वाक्य प्रत्येक प्रेरणादायी भाषणात असतं. झालं होतं ते असं : तो दहावीत असताना शाळेच्या मोठ्या संघात उंच मुलाची गरज होती, ती जागा त्याच्याहून बऱ्याच उंच अशा त्याच्या वर्गमित्राला मिळाली आणि जॉर्डनला कनिष्ठ संघात घातलं. त्याला वाईट वाटलं हे खरंच. पण मोठ्या संघात बाकावर बसण्याऐवजी कनिष्ठ संघात त्याला भरपूर खेळायला मिळालं. एखाद्या प्रशिक्षकाला उपयोगी पडेल अशी गोष्ट ही दुसरी आहे, आणि नेमकी तीच गळते.

मिल्खा सिंग यांच्याबाबतीतही तेच. 1960 च्या रोम ऑलिंपिकमधली 400 मीटर शर्यत. ‘जागतिक विक्रम मोडूनही चौथा आलेला धावपटू’ असं कितीतरी ठिकाणी छापून आलंय. शर्यतीआधीचा जागतिक विक्रम 45.2 सेकंदांचा होता, 1956 मधला. मिल्खा सिंग यांची हाताने चालवलेल्या स्टॉपवॉचवरची वेळ 45.6. पहिल्या दोघांनी मात्र 44.9 ची वेळ देऊन विक्रम खरोखरच मोडला. मिल्खा सिंग यांचं कांस्यपदक सेकंदाच्या एका दशांशाने हुकलं आणि त्यांनी त्या दिवशी नोंदवलेला राष्ट्रीय विक्रम 1998 पर्यंत कुणाला मोडता आला नाही. एवढी हकीकत पुरेशी नाही का? वरून जागतिक विक्रमाची झालर कशाला लावायची, मला कधी कळलेलं नाही.

आणि साच्यात सगळ्यांत हमखास गळणारं पान म्हणजे पगाराचं. मी पहिल्या बैठकीतच विचारते, ‘ज्या वर्षी तुम्हाला कुणी ओळखत नव्हतं, त्या वर्षी घर कशावर चालत होतं?’ समोरचा माणूस अडखळतो. मग आतल्या खोलीतून बायको उत्तर देते, वर्ष आणि रकमेसकट.

प्रश्न : वय 31. विमा कंपनीत कायम नोकरी आहे, संध्याकाळी प्रायोगिक नाटकं करतो. डॉ. श्रीराम लागूंनी डॉक्टरकी सोडली म्हणून आपल्याला ‘नटसम्राट’ पाहायला मिळाला. मीही राजीनामा द्यावा का? घरी कुणी ऐकून घेत नाही.

लागूंचं उदाहरण देताय, तर पूर्ण द्या. ते 1969 मध्ये पूर्णवेळ रंगभूमीवर आले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. कान-नाक-घशाचे शल्यविशारद म्हणून त्यांनी प्रॅक्टिस केली होती, कॅनडा आणि इंग्लंडमध्ये प्रशिक्षण घेतलं होतं, टांझानियात नोकरी केली होती. आणि नाटक कॉलेजपासून चालूच होतं. भालबा केळकरांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं कामं केली. ‘नटसम्राट’ आलं 1970 च्या शेवटी. म्हणजे ज्याला तुम्ही उडी म्हणताय तिच्यामागे दोन दशकांची तालीम होती आणि त्या सगळ्या काळात हाताशी एक कमावता व्यवसाय होता. डॉक्टरकी सोडली हे वाक्य सगळ्यांना पाठ. ती आधी किती वर्षं धरून ठेवली होती, हे कुणी मोजत नाही.

निळू फुले पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. त्या काळातही त्यांचं सेवादलाच्या कलापथकातलं काम चालू होतं. महेंद्रसिंग धोनी 2001 ते 2003 या काळात खरगपूरला रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि डिसेंबर 2004 मध्ये भारताकडून पहिला सामना खेळला. नेमबाज स्वप्नील कुसाळे हाही रेल्वेचाच टीसी होता. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुण मिळवून त्याने कांस्यपदक जिंकलं. रायफल, काडतुसं, जाकीट, सगळंच महाग असलेल्या या खेळात महिन्याच्या महिन्याला जमा होणारा पगार आणि सरावासाठी मिळणारी रजा काय चीज असते, हे कुठल्याही नेमबाजाच्या घरी विचारा. आपल्याकडच्या खेळाचा मोठा भाग रेल्वे, सैन्यदलं, पोलिस आणि बँका यांच्या हजेरीपटावर उभा आहे. चरित्रात मात्र ती नोकरी ‘बेड्या’ म्हणून येते, नायक त्या तोडतो. मला हे वाचताना दर वेळी राग येतो. ज्या खात्याने रजा मंजूर केल्या, त्या खात्यातल्या कारकुनाचं निदान आभारांत तरी नाव असावं.

पगार नसेल, तर त्याची जागा कुणीतरी दुसरं भरत असतं. खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीला गेले, ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले म्हणून. गावातूनही वर्गणी जमली होती. खाशाबांनी फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्या लढवून त्यांनी प्राचार्यांचे पैसे फेडले. त्यानंतर आपल्याला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला 1996 उजाडलं. त्या चव्वेचाळीस वर्षांत चांगले मल्ल जन्मालाच आले नाहीत, असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणू दे. मी आपली गहाण टाकलेली घरं मोजते.

आता तुमचं. राजीनाम्याचं पत्र तूर्त ठेवून द्या आणि एका कागदावर तीन गोष्टी लिहा. नोकरीमुळे गेल्या वर्षात तुमचे किती प्रयोग प्रत्यक्ष हुकले? ‘हुकतील असं वाटतं’ ते धरायचे नाहीत. दुसरं, ज्या संस्थांत काम करता तिथे तुम्हाला नाईट, म्हणजे प्रयोगामागे मानधन, मिळते का, आणि मिळत असेल तर सलग किती महिने मिळाली? तिसरं, बिनपगारी दीर्घ रजेचा नियम तुमच्या कंपनीत आहे का? असेल तर आधी सहा महिने ती घेऊन बघा. नोकरी आणि तारखा यांची खरोखर टक्कर व्हायला लागली, नाटकवाले तुमच्यावाचून अडायला लागले, की घरच्यांना समजवावं लागत नाही, त्यांना दिसतं. एक मान्य करते : काही नोकऱ्या माणसाला इतक्या पिळून काढतात की संध्याकाळी तालमीला उभं राहण्याचं त्राण उरत नाही. तुमची तशी असेल तर सोडा, पण दुसरी हलकी नोकरी शोधून सोडा.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, पोहण्यात चमकते. प्रशिक्षक म्हणतात, बाकी सगळं बंद करा, दहा हजार तास लागतात. खरं आहे का?

तो आकडा 1993 मधल्या एका अभ्यासातून आला, आणि तो अभ्यास बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा होता. सर्वोत्तम विद्यार्थ्यांचा विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरी दहा हजार तास भरला. सरासरी! म्हणजे त्यांतल्या कित्येकांचा त्याहून बराच कमी होता. ज्या संशोधकाचा हा अभ्यास, त्या अँडर्स एरिक्सननेच पुढे या आकड्याचा नियम करण्याला हरकत घेतली.

खेळाखेळात फरक असतो. जिम्नॅस्टिक्समध्ये नादिया कोमानेची ही रुमानियाची मुलगी 1976 मध्ये माँट्रियलला चौदाव्या वर्षी पैकीच्या पैकी गुण मिळवून गेली. तिथे लवकर सुरुवात लागतेच. तरी तिथेसुद्धा ऑलिंपिकसाठी किमान वय पुढे सोळा करावं लागलं. उलट रॉजर फेडरर बाराव्या वर्षापर्यंत फुटबॉलही गंभीरपणे खेळत होता. अविनाश साबळे सैन्यात भरती झाला, सियाचीनसारख्या ठिकाणी राहिला आणि 2015 मध्ये लष्कराच्या क्रॉस कंट्रीतून धावण्याकडे वळला. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, त्याने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्यपदक घेतलं. या शर्यतीतली राष्ट्रकुलची तिन्ही पदकं 1998 पासून केनियाचे धावपटूच घेऊन जात होते. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकलं.

पोहण्यात पाण्याची सवय लहानपणीच लागावी हे प्रशिक्षकांचं म्हणणं बरोबर आहे. नवव्या वर्षी बाकीचं सगळं बंद करणं मात्र मला पटत नाही. आणि एक बघा : पोहून आल्यावर ती तिथल्या मैत्रिणींबद्दल बोलते की फक्त सेकंदांबद्दल?

प्रश्न : सगळे यशस्वी लोक पहाटे चारला उठतात का?

जलतरणपटू उठतात, कारण तलाव रिकामा तेव्हाच मिळतो. रात्रीचा प्रयोग संपवून मेकअप उतरवणारा नट पहाटे चारला उठत नाही, कधीकधी तेव्हा झोपतो.

प्रश्न : एवढं कमावून हे लोक शेवटी कफल्लक कसे होतात? व्यसनं?

व्यसनांची हकीकत वाचायला चटकदार असते, म्हणून ती पुढे येते. मला टेपवर जास्त वेळा ऐकू येतं ते दुसरंच : पैसा एकरकमी आला आणि येतच राहील असं वाटलं. भगवानदादा गिरणी कामगाराचा मुलगा. 1951 च्या ‘अलबेला’ने त्यांना जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी एक अशा सात गाड्या मिळवून दिल्या. पुढच्या चित्रपटांत त्यांनी स्वतःचा पैसा ओतला, ते चालले नाहीत, आणि दादा दादरच्या चाळीत परतले. त्यानंतरही वर्षानुवर्षं ते छोट्या भूमिका करत राहिले, बहुतेकदा नाचाच्या प्रसंगात दोन पावलं टाकायला. यात बाटलीपेक्षा निर्माता होण्याची हौस महागात पडलेली दिसते. माइक टायसनने कारकिर्दीत 30 कोटी डॉलरच्या वर कमावले आणि 2003 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच्याभोवती पगारावर किंवा फुकट पोसलेल्या माणसांचा जथा होता.

खेळाडूची कमाई पस्तिशीत आटते आणि आयुष्य पुढे चाळीस वर्षं चालू राहतं. डिक फॉसबरीने 1968 मध्ये मेक्सिको ऑलिंपिकला उंच उडीत पाठीवर उलटी उडी मारून 2.24 मीटर पार केले. आज सगळे उंच उडीवाले त्याच पद्धतीने उडतात. 1972 च्या संघात त्याला जागा मिळाली नाही, तेव्हा त्याने स्थापत्य अभियंत्याची पदवी बाहेर काढली आणि आयडाहोतल्या एका छोट्या शहरात अभियंता म्हणून काम केलं. चरित्रकाराला हा भाग नीरस वाटतो. मला विचाराल तर त्यावर एक आख्खं प्रकरण हवं.

प्रश्न : माझी आत्या राष्ट्रीय पातळीवर व्हॉलीबॉल खेळली होती. आता 78 वर्षांची आहे. घरच्यांसाठी तिची हकीकत लिहून काढायची आहे. काय विचारू?

‘तुझा संघर्ष सांग’ हे अजिबात विचारू नका, ती भाषण देईल. बूट कुणी घेऊन दिले, प्रवासाला सोबत कोण यायचं, पाळीच्या दिवसांत सामना असला तर काय करायच्या, लग्नानंतर पहिल्यांदा नेटवर कधी उभी राहिली, की राहिलीच नाही, असं विचारा. संघातल्या बाकीच्या अकराजणी पुढे कुठे गेल्या हेही विचारा. सर्वांत चांगल्या गोष्टी मला नेहमी दुसऱ्याच खेळाडूबद्दल विचारल्यावर मिळाल्या आहेत, विशेषतः जिने मध्येच खेळ सोडला तिच्याबद्दल. दुखापतींची यादी करा. कुठला गुडघा, कुणी बांधला.

वर्षं तिच्या आठवणीवर सोडू नका. प्रमाणपत्रं, संघाचे फोटो आणि त्यांच्या मागचे शिक्के, जुन्या वर्तमानपत्रांतले निकाल यांच्याशी ताडून बघा. माणसं गुण अचूक सांगतात आणि साल तीन-चार वर्षांनी चुकवतात. चूक सापडली तर तिच्यासमोर लगेच दुरुस्त करू नका, वहीत समासात टीप लिहा. आणि बैठक तासाभराच्या वर नेऊ नका. दमले असं ती म्हणणार नाही, खेळाडू आहे.