८६ तास ऐकलंत, बोललात किती?

प्रश्न : बाई, मी मूळची बार्शीची, आता वाकडला राहते. बी.कॉम. झाले, शाळा मराठी माध्यमाची. लॉकडाउनपासून रोज रात्री 'फ्रेंड्स' ही इंग्रजी मालिका बघत दहाच्या दहा सीझन संपवले. विनोद कळतात, हसू येतं. पण मुलीच्या शाळेत पालकसभा असली की तोंडच उघडत नाही. घरी बोलायला जावं तर पाचवीतली लेक चुका काढते. भाची सांगते, बीटीएस या कोरियन बँडमधला आरएम 'फ्रेंड्स' बघूनच इंग्रजी शिकला. मग माझं कुठे अडलं? आणि गाण्यांचा काही उपयोग होतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, 'फ्रेंड्स'चे भाग २३६. एकेक साधारण २२ मिनिटांचा धरला तर तुम्ही ८६ तास इंग्रजी ऐकलंत. त्यात स्वतः मोठ्याने किती मिनिटं बोललात? विनोद कळतो म्हणजे कान तयार झालाय, आणि ते काही थोडं नाही. जीभ मात्र अजून पाटावरच बसलीय.

भाचीने अर्धीच गोष्ट सांगितली. आरएमने २०१७ साली एलन डीजेनेरसच्या कार्यक्रमात सांगितलं होतं की आईने त्याला या मालिकेच्या डीव्हीडी आणून दिल्या. आधी कोरियन सबटायटल लावून बघितलं, मग इंग्रजी, मग सबटायटल काढूनच टाकली. म्हणजे तेच ते पुन्हा. तुम्हीही नवी मालिका शोधू नका. 'सेंट्रल पर्क' या त्यांच्या कॉफीहाउसमधला, दोन मिनिटांचा एखादा प्रसंग घ्या आणि आठवडाभर तोच धरा. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, त्याच चालीत मोठ्याने म्हणायचं. कुकरच्या शिट्ट्या चालू असताना म्हटलंत तरी चालेल, कुणी ऐकत नाही.

चालीवर जोर देतेय, कारण आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षराला सारखं माप घालतो. इंग्रजीत एका अक्षराला झुकतं माप, बाकीची गिळायची. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर 'फो'वर. 'फोटोग्राफर' म्हणताना तो 'टॉ'वर जातो आणि 'फो'चा नुसता 'फ' उरतो. हे पाठ्यपुस्तकात कितीही वाचलं तरी हाती लागत नाही. इथे मालिका खरी कामाला येते.

आता गाणी. माझं इंग्रजी निम्मं गाण्यांवर पोसलंय, म्हणून मीच सावध करते. मोठ्या भावाच्या कॅसेट होत्या. रिवाइंड करून करून टेप ताणली जायची, तरी मी एकेक ओळ वहीत उतरवायची. निम्मे शब्द चुकीचे ऐकलेले! १९८९ साली शिक्षिकेच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेले. व्याकरणातलं काहीतरी विचारलं, आणि घाबरून माझ्या तोंडून निघालं, 'आय डोन्ट नो नथिंग'. गाण्यांत दोन-दोन नकार सर्रास असतात, पण व्याकरणात दोन नकारांचा होकार होतो. समोरचे गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे काहीतरी येतंय तर!" नोकरी अर्थातच मिळाली नाही.

गाण्यात जोर सुरावर पडतो, बोलण्यात तिथे पडेलच असं नाही. त्यामुळे उच्चाराचा जोर गाण्यावरून शिकू नका. शब्द एकमेकांना कसे चिकटतात ते मात्र गाण्यात छान कळतं. सुरुवातीला कार्पेंटर्स या अमेरिकन भावा-बहिणीच्या जोडीची गाणी ऐका. करेन कार्पेंटर इतकं स्वच्छ गाते की वहीत उतरवायला त्रास होत नाही. आधी कानाने लिहा, मगच छापील ओळींशी ताडून बघा.

'गॉना' (गोइंग टू), 'वॉना' (वॉन्ट टू) ऐकून बिचकू नका. 'तू काय करत आहेस?' असं आपण तरी कुठे म्हणतो? 'काय करतेयस?' म्हणतो. तोंडी चालतं, अर्जात चालत नाही. तिकडेही तसंच.

पालकसभेचं म्हणाल, तर 'फ्रेंड्स'मधली भाषा सहा जिवलग दोस्तांची आहे, बाईंशी बोलायची नाही. त्यातल्या जोईचं बायकांना उद्देशून असलेलं लाडकं वाक्य, 'हाउ यू डुइन?', वर्गशिक्षिकेला ऐकवू नका म्हणजे झालं! सभेत विचारायचे तीनच प्रश्न आदल्या दिवशी लिहा आणि त्या मालिकेच्याच चालीत वीसदा म्हणा. तिन्हींची उत्तरं आली की चौथा प्रश्न आपोआप सुचतो.

आणि चुका काढणारी लेक? तिला रेचेल करा. रेचेल त्या कॉफीहाउसात वेट्रेस असते आणि सारख्या चुकीच्या ऑर्डरी आणते. तुम्ही गिऱ्हाईक. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या राहून इंग्रजीत चहा मागवा. लेकीला सांगून ठेवा की दर वेळी भलतंच आणायचं. मग 'हे मी मागवलं नव्हतं' हे तुम्हाला इंग्रजीतच सांगावं लागेल, आणि ते काही पडद्यावर लिहून येणार नाही.