मामाच्या गाळ्यावर बसण्याआधी

पत्र : मुलगा बारावी सायन्स झाला. इंजिनिअरिंगचं नाव काढलं की म्हणतो, धुळ्याला मामाच्या गाड्यांच्या जुन्या पार्टच्या गाळ्यावर बसतो. अमेरिकेत भंगाराच्या धंद्यातून मोठा झालेल्या विलिस जॉन्सनचा दाखला देतो. शेतकऱ्याच्या पोरानं भंगारवाला म्हणवून घ्यायचं का?
– एक वडील, पारोळा

भाऊसाहेब, नमस्कार.

कमीपणा वाटून घेऊ नका. आग्रा रोड आणि सुरत-नागपूर महामार्ग धुळ्यात मिळतात. तिथे जुन्या पार्टला गिऱ्हाईक कायम असतं. काळजी करायचीच तर वेगळ्या दोन गोष्टींची करा. पहिली, कागद.

जॉन्सननं १९८२ साली कॅलिफोर्नियात व्हॅलेहोच्या एका भंगार यार्डापासून 'कोपार्ट' ही कंपनी उभी केली, १९९४ मध्ये ती शेअर बाजारात आली. हे खरं आहे. पण त्याला मोठं केलं ते विमा कंपन्यांच्या कामानं. त्यांच्या ठोकलेल्या गाड्या सांभाळायच्या, कागद पुरे करायचे, लिलाव लावून आपलं शुल्क घ्यायचं. कागद चोख नसते तर विमा कंपनीनं त्याच्या दारात गाडी उभी केली असती का?

आपल्याकडेही २०२१ च्या नियमांनी पूर्ण गाडी मोडीत काढायचं काम नोंदणीकृत केंद्राकडे दिलंय. गाडी चोरीची तर नाही, हे तिथे पोलिसांच्या नोंदींशी ताडून बघावं लागतं. चोरीच्या गाडीचं इंजिन नकळत जरी गाळ्यात आलं, तरी पोलीस आधी गाळ्यावर बसलेल्या पोरालाच उभं करतात.

दुसरं, हात. एका गाळ्यावर मी एक पोरगा पाहिला होता. गाडीत वीज तयार करणारा अल्टरनेटर त्यानं डिझेलनं पुसला, पुली बोटानं फिरवली, कान लावला. बेअरिंग घरघरलं नाही, तसा तो फळीवर ठेवला. घरघरलं असतं तर काट्यावर जाऊन तांब्या-लोखंडाच्या भावानं गेला असता. सगळी कमाई त्या कानात आहे, आणि तो गल्ल्यावर बसून तयार होत नाही. म्हणून आधी दोन वर्षं आयटीआयला मोटर मेकॅनिक करू द्या, रविवारी मामाकडे जाऊ द्या. पुढे मन बदललं तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट मोकळी राहते.

आणि एका रविवारी तुम्ही स्वतः जा. गाळ्यातलं कुठलंही एक इंजिन ज्या गाडीतून निघालं, तिची फाईल मामांकडे मागा. आरसी, विकणाऱ्याचं ओळखपत्र, आरटीओत नोंदणी रद्द झाल्याचा कागद लगेच हातात आला, तर पोराला निर्धास्त पाठवा. "दाजी, एवढं कोण बघतं," असं उत्तर आलं, तर मामा कितीही जिवाभावाचा असो, आयटीआय झाल्यावर पोरासाठी दुसरा गाळा शोधा.