बाटलीबंद मिनरल वॉटरमध्ये किरणोत्सर्ग असतो का?

आयात केलेल्या मिनरल वॉटरमध्ये किरणोत्सारी द्रव्ये असतात असे वाचल्यामुळे पुण्यात ते बाळाच्या दुधासाठी वापरावे का, असा आपला प्रश्न आहे. अशी द्रव्ये असतात. परंतु बहुतेक वेळा त्यांचे प्रमाण काळजी करण्याइतके नसते.

पाणी खडकांतून झिरपताना त्यात युरेनियम, रेडियम आणि पोटॅशियम-४० अल्प प्रमाणात उतरतात. ग्रॅनाइटच्या प्रदेशातील झऱ्यांमध्ये ते अधिक आढळतात, तर पुणे ज्या बेसाल्टवर वसले आहे त्यात युरेनियम तुलनेने कमी असते. पाण्यात विरघळलेल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचे अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा होण्यास लागणारा काळ, ३.८ दिवस असल्याने बाटली महिनाभर बंद राहिली की तो जवळजवळ संपतो. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षे असून ते कॅल्शियमप्रमाणे हाडांत साठते, म्हणून बाळांच्या बाबतीत खरे लक्ष त्याच्याकडे द्यावे.

लेबलवर लिटरमागे १० मिलिग्रॅम पोटॅशियम लिहिलेले असेल, तर त्यातून सुमारे ०.३ बेकेरेल मिळतात (बेकेरेल हे किरणोत्सारितेचे एकक; एक बेकेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन). प्रौढ माणसाच्या शरीरातच पोटॅशियममुळे ४००० बेकेरेलच्या आसपास किरणोत्सारिता असते. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात अल्फा उत्सर्जकांसाठी (रेडियम-२२६ सारखी अल्फा कण सोडणारी द्रव्ये) लिटरमागे ०.१ आणि बीटा उत्सर्जकांसाठी (पोटॅशियम-४० सारखी बीटा कण सोडणारी द्रव्ये) १ बेकेरेल ही मर्यादा आहे. जर्मनीत तर बाळांसाठी योग्य असे लिहिण्यासाठी रेडियम-२२६ लिटरमागे ०.१२५ बेकेरेलपेक्षा जास्त चालत नाही, आणि ही काळजी मला रास्त वाटते.

माझ्या मते बाळासाठी महागडी बाटली घेण्याची गरज नाही. खडकवासल्याहून येणारे महापालिकेचे पाणी धरणाचे, म्हणजे भूपृष्ठावरचे असल्याने त्यात ही द्रव्ये सहसा कमीच असतात. ते गाळून, खळखळून उकळून वापरावे.